अल्फा ०.९३ आला, म्हणून काय झालं?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली नीट वाचली. स्थापत्य पदवीधरांच्या क्षमता मोजणारी ३० विधानं, प्रत्येकापुढे १ ते ५ गुण. क्रॉनबॅक अल्फा (विधानांची उत्तरं आपसात किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.९३ आला म्हणून ती सप्रमाण ठरली, म्हणजे जे मोजायचं तेच मोजते, असं तू लिहिलं आहेस. तसं ठरत नाही. विधानांमधला सरासरी सहसंबंध जेमतेम ०.३ असला, तरी ३० विधानं म्हटल्यावर अल्फा तिथपर्यंत जातोच.

साइटवरचंच बघ. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ताकद तपासायला एका नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे ठोकळे, आणि कुठल्याही क्यूबचा आकडा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त ढळायला नको. समज, तिन्ही छान जुळले. पण ते भरले होते सकाळच्या चांगल्या मालातून, आणि दुपारी स्लॅबच्या मालात कुणीतरी पाणी वाढवलं. आकडे आपसात जुळतात, स्लॅबबद्दल काही सांगत नाहीत. तुझा अल्फा एवढंच सांगतो की उत्तरं आपसात जुळतात.

आता हे विधान घे: ‘मला सळईची मांडणी आणि काँक्रीटचा दर्जा तपासता येतो.’ बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळयांचा तक्ता, घडाघडा वाचणाऱ्या मुलाने ओलं काँक्रीट तपासायच्या स्लंपच्या शंकूला कधी हातही लावलेला नसतो. त्याने ३ वर खूण केली, तर आपण काय समजायचं? विधान तोडून दोन कर, आणि ‘येतो’ काढून केलेलं काम विचार: ‘स्लॅब भरण्याआधी कव्हर ब्लॉक (सळईखाली अंतर राखणारे ठोकळे) कमी दिसल्यावर मी ते लावून घेतले आहेत.’

मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. ‘मजुरांकडून काम करून घेता येतं’ यात मुलींचे गुण कमी आले, म्हणून त्यांचं नेतृत्व कमी पडतं, असा निष्कर्ष तू काढलास. अगं, त्यातल्या कितीजणींना साइट मिळाली होती? मुलींना बिलिंगच्या, प्लॅनिंगच्या टेबलावर बसवून ठेवणारी कार्यालयं तूही पाहिली आहेस. तिथे तुझी प्रश्नावली क्षमता मोजत नाही, संधी मोजते. आणि उद्या याच तक्त्याच्या आधारावर कुणी म्हणेल, मुलींना साइट नकोच. ‘ही संधी मिळाली नाही’ असा पर्याय ठेव आणि ती उत्तरं सरासरीत धरू नकोस.

प्रत्येक विधान आवश्यक आहे का, हे तज्ज्ञांना विचारून तू केलेलं गणित बरोबर आहे: ‘आवश्यक’ म्हणणाऱ्यांतून न म्हणणारे वजा करायचे आणि एकूण तज्ज्ञांनी भागायचं. लॉशे यांच्या १९७५ च्या तक्त्यात १० तज्ज्ञांना किमान ०.६२ लागतं, आठांनी ‘आवश्यक’ म्हटलं तर ०.६० येतं, म्हणून विधान गळतं. पण तुझे दहाही तज्ज्ञ प्राध्यापक आहेत. मोजमाप पुस्तक रोज लिहिणारा कनिष्ठ अभियंता, ठेकेदाराचा साइट इंजिनिअर, क्वालिटी बघणारी एखादी बाई यांना घे. निम्मे तरी बदल.

घटक विश्लेषण, म्हणजे कुठली विधानं एका गटात पडतात ते आकड्यांवरून शोधणं, नंतर बघू, त्याला मोठा नमुना लागेल. त्याआधी चार-पाच नव्या पदवीधरांशेजारी बस आणि प्रत्येक विधान वाचताना मनात काय येतं ते त्यांना मोठ्याने बोलायला सांग. मध्ये समजावू नकोस, नुसतं लिहून घे. त्यांतल्या दोघांच्या साइटवर जाऊन, त्यांनी स्वतःला ५ गुण दिलेलं एखादं काम ते प्रत्यक्षात कसं करतात तेही बघ. या नोंदी माझ्याकडे आण, मगच प्रश्नावली कॉलेजांना पाठवू.

तुझा,
सर