बास्केटबॉलमध्ये लेअप (धावत येऊन बास्केटजवळून उडी घेत मारलेला शॉट) मारताना दोनच पावलं टाकली, तरी पंच कधी कधी ट्रॅव्हलिंग (चेंडू धरून पाय नियमाबाहेर हलवणं) का देतात?

कारण बहुतेकदा घोळ पावलांत नसतो, चेंडू कधी धरला त्यात असतो. धावताना चेंडू हातात येतो त्या क्षणी जमिनीवर असलेलं पाऊल फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात मोजत नाहीत (2017 पासून). उजव्या हाताचा लेअप घ्या: डावा पाय टेकलेला असताना चेंडू धरला, तो शून्य, मग उजवा एक, डावा दोन, तिथून उडी. चेंडू एक पाऊल आधीच धरला की तिसरं पाऊल पडतं आणि शिट्टी वाजते.

उभ्याने चेंडू मिळाला तर हिशोब वेगळा. एक पाय पिव्हट, म्हणजे खिळलेला. दुसरा हवा तितका फिरवा. ड्रिबल (चेंडूचे टप्पे मारत जाणं) सुरू करताना पिव्हट उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. नवखे इथेच फसतात: आधी पाय, मग टप्पा. पास किंवा शॉटसाठी मात्र पिव्हट उचलता येतो, फक्त तो परत टेकायच्या आत चेंडू सोडायचा.

चेंडू घेऊन पडलात आणि घसरत गेलात तर चालतं. लोळलात किंवा चेंडूसकट उठायला गेलात की ट्रॅव्हलिंग. शिक्षा एकच: जवळच्या रेषेबाहेरून समोरच्या संघाला थ्रो-इन. फाऊल मोजला जात नाही.