घाट उतरून मालवणला जायचंय, कसं जमवायचं?

प्रश्न : आम्ही सांगलीचे, दिवाळीनंतर दोन मुक्काम मालवण-वेंगुर्ला करायचा विचार चाललाय, सोबत पोरं आणि सासूबाई. घाट कुठला धरावा आणि काय काय बघून होईल?

उत्तर : कोल्हापूरवरून राधानगरी, मग फोंडा घाट उतरून कणकवली आणि तिथनं मालवण, हा रस्ता धरा. येताना वेंगुर्ला, सावंतवाडी करत आंबोलीवरनं वर चढा, म्हणजे तोच रस्ता परत नको. पहाटे निघा, नाहीतर पहिला दिवस गाडीतच जातो.

सिंधुदुर्ग किल्ला सकाळीच उरका, ऊन चढलं की आत फिरताना जीव नकोसा होतो. धक्क्यावरनं होडी मिळते, पावसाळ्यात ती बंद असते म्हणून तुमचा टाइम बरोबर आहे. कुरटे बेटावर महाराजांनी १६६४ ला बांधायला घेतलेला हा किल्ला, आणि दरवाजा असा तटाच्या वळणात दडवलाय की होडी पार जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, पोरांना आधी शोधायला लावा! चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिरपण आतच. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर तटावर चढवू नका, मंदिरापर्यंत बास.

संध्याकाळी तारकर्ली. पुढं देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं पोरांना पाण्यात सोडू नका, ओढ लय असते.

वेंगुर्ल्यात डच वखारीचे पडके अवशेष आहेत, इतिहासाची आवड असेल तरच थांबा. सावंतवाडीत मोती तलाव आणि लाकडी खेळणी, तिथं खिसा सांभाळा.