नॅनोट्यूब टाकली तरी सँपल तुटलंच!

प्रश्न: भोसरीत आमचं फायबरग्लासचं छोटं वर्कशॉप आहे. पॉलिस्टर रेझिनमध्ये १ टक्का कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची पावडर) टाकून ड्रिलला पातं लावून घुसळलं, तरी सँपल साध्यापेक्षा लवकर तुटलं. पावडर डुप्लिकेट असेल का हो?

उत्तर: पावडरला कशाला दोष देताय, मला तर घुसळण्यावरच संशय आहे. या नळ्या काही नॅनोमीटर जाडीच्या, म्हणजे केसाच्या हजारो पट बारीक, आणि एकमेकींना अशा चिकटून बसतात की पिठल्यात बेसनाच्या गुठळ्या राहाव्यात तसं होतं, मग प्रत्येक गुठळी म्हणजे तडा सुरू व्हायची आयती जागा. ड्रिलने त्या सुटत नाहीत, थ्री रोल मिल (तीन रुळांमध्ये रगडणारं यंत्र) किंवा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) लागतं. तेही बेतानं, कारण रेझिन तापलं की त्याला पातळ ठेवणारं स्टायरिन उडून जातं.

आणि १ टक्का कशाला? ०.१ पासून सुरू करा, जास्त टाकलं की रेझिन घट्ट होतं, हवेचे बुडबुडे अडकतात. हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं रसायन, मात्र सगळं मिसळून झाल्यावर शेवटी.

खरं सांगू, नुसती ताकद हवी असेल तर काचेच्या धाग्यांच्या मॅटचा एक थर वाढवा, स्वस्तात काम होतं. नॅनोट्यूबची खरी मजा स्टॅटिक चार्ज, म्हणजे घासून पृष्ठभागावर साठणारी वीज, वाहून न्यायचा असेल तिथे. आणि हो, कोरडी पावडर हाताळताना चांगला मास्क लावा, रुमाल नाही!