ईआरपीच्या सगळ्या इंटिग्रेशन्सची नोंद रेपोमध्ये कशी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की नागपूरला मिहानमधल्या तुमच्या ऑफिसात ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) गोदामाच्या सिस्टीमशी, बँकेशी आणि जीएसटीच्या ई-इनव्हॉइस पोर्टलशी जोडलेली आहे, पण सगळी माहिती दोघांच्याच डोक्यात आहे. त्यातला एक पुण्याला गेला की पंचाईत होणार, म्हणून हे आत्ताच कराच.

वेगळं विकी काढू नका, कोडपासून लांब ठेवलेली नोंद लवकर शिळी होते. रेपोतच, म्हणजे कोड ठेवतो त्याच जागी, प्रत्येक जोडणीचं (इंटिग्रेशनचं) फोल्डर करा आणि त्यात छोटी वायएएमएल फाइल (साध्या मजकुरातली नोंद) ठेवा: डेटा कुठून कुठे, एपीआय (सॉफ्टवेअर थेट एकमेकांशी बोलतात तो मार्ग) की एसएफटीपी (सुरक्षितपणे फाइल पाठवणं), केव्हा चालतं, जबाबदार कोण. पासवर्ड तिथे अजिबात नको, व्हॉल्टमधलं (पासवर्ड जपणाऱ्या डिजिटल तिजोरीतलं) त्याचं नाव पुरे. एपीआय असेल तर ओपनएपीआयची फाइलही (एपीआयचं ठरलेल्या साच्यातलं वर्णन) तिथेच.

खरा वेळ द्या तो 'बिघडलं तर काय' याला. ई-इनव्हॉइसचंच बघा. बिल पाठवलं आणि उत्तर यायच्या आत टाइमआउट झाला. आयआरएन (पोर्टल प्रत्येक बिलाला देतं तो क्रमांक) तयार झाला की नाही? आंधळेपणाने पुन्हा पाठवलं तर डुप्लिकेटची एरर येऊ शकते. आधी बिल क्रमांकावरून आयआरएन मागवून बघायचा. ही एक ओळ लिहिलेली असली की रात्रपाळीतल्या नव्या मुलाला कोणाला उठवावं लागत नाही.

जोडणी सुरक्षित ठेवणारं डिजिटल (टीएलएस) सर्टिफिकेट कधी संपतं तेही नोंदवा. सार्वजनिक टीएलएस सर्टिफिकेटची मुदत मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवसच राहणार आहे.

आणि स्कीमा (डेटाचा साचा) बदलला पण नोंद तशीच राहिली, तर सीआयने (कोडमधले बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेने) मर्ज, म्हणजे तो बदल मुख्य कोडमध्ये घेणं, अडवलंच पाहिजे.