विकायला काढलेले घर पुन्हा आवडू लागले तर

प्रश्न : बेळगावच्या शहापूर भागातील आमचे घर आजेसासऱ्यांनी बांधलेले, मातीच्या भिंतींचे आणि मंगळुरी कौलांचे आहे. ते विकून आपल्याजवळ फ्लॅट घ्यावा, असा पुण्यात स्थायिक झालेल्या मुलाचा तीन वर्षांपासून आग्रह आहे. यजमानांचे गुडघे दुखतात आणि न्हाणी परड्यात आहे, म्हणून मीही होकार दिला होता. गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी दिवाळीनंतर माळा उपसला, सोप्यातील खांबांवरचा ऑइलपेंट खरवडला, तेव्हा खालच्या सागवानावर कोरलेली वेलबुट्टी निघाली. आता रोज संध्याकाळी त्या खांबाला टेकून बसते आणि हे घर सोडू नये असे वाटते. हा नुसता मोह आहे का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, मोह म्हणून स्वतःला दटावू नका. इतकी वर्षे या घरात तुमचा जीव कामातच गुंतलेला होता. विकण्याच्या निमित्ताने का होईना, तुम्ही ते प्रथमच निवांत पाहिले आणि ते तुम्हाला आवडले. मला याचा मनापासून आनंद वाटतो.

मात्र ही ओढ कोरड्या दिवसांतली आहे. आपल्याकडच्या जुलैत भिंतींना ओल चढते आणि यजमानांना रात्री निसरड्या परड्यातून जावे लागते, तेव्हाही ती टिकते का, हे पाहिल्याशिवाय विक्रीचा शब्द कोणालाही देऊ नका. त्याआधी मे महिन्यात कौले परतून घ्या, कुजलेले वासे आणि रिपा बदला, आणि माजघराला लागून शौचालय व न्हाणी करून भिंतीला धरायला दांडा बसवा. गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवतील, पण तो मातीच्या भिंतीतली ओल आतच कोंडतो. चुन्याचाच करून घ्या. या खर्चाचा अंदाज हाती आला, की मुलाशी बोलणेही सोपे जाईल.

घर सोडणे आणि बेळगाव सोडणे या दोन गोष्टी तुमच्या पत्रात एकत्र झाल्या आहेत. गुडघ्यांचाच प्रश्न असेल, तर टिळकवाडीत लिफ्ट असलेला फ्लॅट घेता येईल. तेथेही सकाळी दारात ‘तरुण भारत’ येईल आणि भाजीवालीशी अर्धे वाक्य मराठीत, अर्धे कन्नडात बोलता येईल. सीमाभागातला मराठी माणूस पुण्याला गेला म्हणजे आपल्या घरी गेला, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण भाषा तीच असली तरी ओळखीची माणसे बरोबर येत नाहीत. तरीही मुलाची काळजी खरी आहे. त्याच्याकडे दोन महिने राहून पाहा, आणि पाहुण्यासारखे न राहता बाजारहाट व दवाखाना स्वतः करा.

कागदपत्रे मात्र आताच पाहा. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते, मग मुंबई प्रांतात आले आणि 1956 साली म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. त्यामुळे इतक्या जुन्या घराचे मूळ कागद मोडीत किंवा मराठीत आणि आजचा उतारा कन्नडमध्ये असू शकतो. दोन्हींतली नावे जुळतात का, हे वकिलाकडून तपासून घ्या. उताऱ्यावर अजून सासऱ्यांचे नाव असेल आणि यजमानांना बहिणी असतील, तर त्यांच्या हक्काचा प्रश्न येतो. त्यांच्याशी आधी बोला, गिऱ्हाइकाशी नंतर.

आणखी एक. पत्रात मुलाचा आग्रह आहे, तुमची ओढ आहे, यजमानांचे गुडघेही आहेत. त्यांचे मत मात्र कुठेच नाही. एखाद्या संध्याकाळी त्यांनाही त्या खांबाजवळ बसवा आणि विचारा. आपले मत आधी सांगू नका.