बिलोरी म्हणजे बेल्जियमचा नव्हे

निपाणीहून एकांनी विचारलं आहे: आरसा, ऐना, दर्पण, मुकुर यांत फरक काय, आणि ‘बिलोरी आरसा’ म्हणजे बेल्जियमचा आरसा का?

पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात. आरसा बोलण्यातला, दर्पण लिहिण्यातला, ऐना फारसी, मुकुर फक्त जुन्या कवितेत. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘दर्पणे मुकुरादर्शौ’ असे तीन शब्द शेजारी आहेत. त्यातला आदर्श प्राकृतातून झिजत आला आणि आरसा झाला. आपण सत्काराच्या फलकावर ‘आदर्श शिक्षक’ लिहितो तो शब्द हाच. आणि सीमाभागात सारखं कानावर येतं की कानडीतली ‘कन्नडी’ (आरसा) ‘कन्नड’वरून आली. साफ चूक. तिच्यात ‘कण्णु’ म्हणजे डोळा आहे. कानडीत चष्म्याला कन्नडक म्हणतात तोही त्यातलाच.

आता बिलोरी. बेळगावच्या बाजारात नक्षीची चौकट दिसली की तिला बिलोरी म्हणतात, आणि विचारलं तर ‘बेल्जियमचा माल’ असं सांगतात. अहो, बेल्जियम हा देश १८३० सालचा. फारसीत बिलोर म्हणजे स्फटिक, ते त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून. स्फटिकासारखी स्वच्छ काच ती बिलोरी. चौकटीचा संबंधच नाही.

पण हा बिलोर मुळात आपलाच. पालीत वेळुरिय, प्राकृतात वेरुलिय, संस्कृतात वैदूर्य, म्हणजे एक रत्न. हा शब्द पश्चिमेला गेला, ग्रीकांकडे बेरुल्लोस झाला, अरबी-फारसीतून बिलोर होऊन घरी परतला. जर्मन लोक चष्म्याला ब्रिले म्हणतात, तोही याच घराण्यातला.

वेळुरिय कशावरून, यावर मात्र माझं कोशकारांशी जमत नाही. काही जण दक्षिणेतल्या वेळूर गावाकडे बोट दाखवतात. पाणिनी ‘विदूर’ या स्थळावरून वैदूर्य साधतो. पण पाणिनीवर भाष्य लिहिणाऱ्या खुद्द पतंजलीला ते अडलं: रत्न निपजतं वालवायात, विदूरात त्यावर नुसते संस्कार होतात, मग नाव विदूराचं का? व्याकरणकारांनी तिथे शब्दांची कसरत करून वेळ निभावून नेली आहे.

माझं म्हणणं असं की गाव शोधूच नये, वेळू पाहावा. पालीत बांबूला ‘वेळु’, मराठीत आजही वेळू. कौटिल्य वैदूर्याच्या रंगांत ‘वंशराग’ देतो, म्हणजे बांबूचा रंग. रत्नाला रंगावरून नाव पडणं किती साधं! आणि विदूर? तेलुगूत बांबू म्हणजे वेदुरु, कानडीत बिदिरु. पाणिनीचं ‘विदूर’ हे याच शब्दाला चढवलेलं संस्कृत अंगरखं असावं, असं माझं ठाम मत आहे. कोशकारांनी गावं धुंडाळली, पण शेजारच्या भाषांतला बांबू पाहिला नाही.

आणि हे बेळगावकरांनी तरी ओळखायला हवं होतं. रट्ट राजांच्या काळात आपल्या गावाचं नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचं गाव. किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर त्याच काळातलं, १२०४चं. खानापूरकडच्या रानात वेळू अजून उभा आहे. त्या बाजूला कुणाला वेळू किंवा बिदिरु पोटात असलेली जुनी गावनावं, शेतनावं ठाऊक असतील तर जरूर कळवा. मराठी कागदांतली असोत की कानडी, दोन्ही हवीत.