सव्वादोन वर्षांचा मुलगा, दहा-बारा शब्द आणि प्लेग्रुपचा इंग्रजीचा आग्रह

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेक सव्वादोन वर्षांचा, दहा-बाराच शब्द बोलतो. घरात तुमची मराठी, नवऱ्याची गुजराती, सांभाळणाऱ्या मावशींची हिंदी. प्लेग्रुपच्या बाई म्हणतात, घरी फक्त इंग्रजी बोला आणि अक्षरं गिरवून घ्या. सासूबाई म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला. मी २२ वर्षं बालवाडी चालवली, त्या अनुभवावरून लिहिते.

आधी शब्द नीट मोजा. भूभू, मंमं, भुर्र, बाऊ हे सगळे शब्दच, आणि तिन्ही भाषांतले धरायचे. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण ५० शब्द आणि 'बाबा भुर्र' अशा जोड्या असाव्यात, अशी अपेक्षा असते. बेरीज त्याच्या आसपासही जात नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. बापाचं उदाहरण देत थांबू नका. 'हाक मारली की वळतो की' हा पुरावा नाही. माझ्याकडे एक मुलगी होती, तिला आम्ही सहा महिने हट्टी समजत होतो. शेवटी कळलं, तिच्या कानात पडद्यामागे पाणी साचलं होतं, अर्धंमुर्धंच ऐकू येत होतं तिला. ते सहा महिने मला अजून टोचतात.

तीन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. ज्याची जी भाषा, त्याने ती भरभरून बोलावी. इंग्रजी तुमच्या घरात कुणाचीच नाही. त्या भाषेत तुम्ही त्याला 'कम, सिट, ईट' एवढंच म्हणाल. मराठीत दूध उतू कसं गेलं याचं अख्खं रामायण सांगाल. त्याला ते रामायण हवंय.

आता रोज काय करायचं? 'हे काय? ते काय? सांग ना काकूला!' ही तोंडी परीक्षा आधी बंद. मटार सोलायला त्याला शेजारी बसवा. शेंग फोडलीत की म्हणा, 'टप्प! दाणा पळाला.' मग गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा, त्याच्याकडे बघत राहा. सातव्या-आठव्या आकड्याला तो 'टप्प' म्हणेल, किंवा नुसतं पलंगाखाली बोट दाखवेल. ते बोट हेच त्याचं वाक्य, तुम्ही ते पुरं करा: 'हो, दाणा पलंगाखाली गेला.' आपण मोठी माणसं त्या दहा आकड्यांत थांबतच नाही, बहुतेक घरांत घोळ इथेच होतो. आणि तेवढा वेळ टीव्ही बंद. मागे चालू असला की आपलंच बोलणं आटतं.

पुस्तक जाड पुठ्ठ्याचं घ्या. उलटं धरलं, चार पानं एकदम उलटली, तेच चित्र वीस वेळा दाखवायला लावलं, तरी चालू द्या.

पाटी-पेन्सिल मात्र इतक्यात नको. कणकेचा गोळा मळू दे, रव्यात बोट फिरवू दे. बोटांत जोर तिथून येतो. तीन-साडेतीनला टाळ्यांचा खेळ सुरू करा: का-व-ळा, तीन टाळ्या. आपली लिपी अक्षरागणिक चालते, त्यामुळे हा कान पुढे वाचताना थेट कामाला येतो. पहिलं अक्षर त्याच्या नावातलं घ्या. फ्लॅटमधल्या पोराने कमळ बघितलंय कुठे?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणातच बालवाडी मांडली. साहित्य काय, तर खडे, पानं, शिंपले. तुमच्या स्वयंपाकघरात याहून जास्त सामान आहे.

प्लेग्रुपच्या बाईंशी वाद घालत बसू नका. 'बरं' म्हणा आणि घरी तुम्ही मराठीतच बोला. कानाच्या तपासणीत काय निघालं ते मात्र इथे कळवा, पुढचं त्यावरून सांगता येईल.